खजुराच्या हंगामातला कहवा

लोक सणाला जातात तेव्हा मी सणाच्या मागच्या बाजूला असतो. पुढून रोषणाई, ढोल, तलवारींचा नाच आणि पोरांच्या हातात आइस्क्रीम. मागून जनरेटर, डिझेलचा वास, पाण्याच्या टाक्या आणि लोखंडी मेखा ठोकून हात सुजलेली माझी माणसं. सौदी अरबस्तानात मी तंबूवाला आहे. कागदावर माझा हुद्दा साइट सुपरवायझर असा आहे, पण आमच्या रत्नागिरीकडच्या गावात कोणी विचारलं तर माझी बायको सरळ सांगते की ते तिकडे मांडव घालतात. तिचं काही चूक नाही.

या देशातले जुने सण पिकावर बांधलेले, आणि पीक येतं भर उन्हाळ्यात. ताइफच्या डोंगरावर द्राक्षं आणि डाळिंबं पिकली की तिथे जत्रा. बुरैदाला खजूर पिकला की तिथे त्याहून मोठी. एका उन्हाळ्यात तर आमचे तंबू जिझानहून बोटीत चढले आणि लाल समुद्रातल्या बेटावर गेले. तिथे खजुराच्या बागांमधलं एक दगडी गाव आहे. पूर्वी उन्हाळ्यात सगळं बेट बिऱ्हाड पाठीवर घेऊन त्या गावात मुक्कामाला जायचं. नवी नवरी असली तर तिला सजवलेल्या उंटावर बसवून, गाणी म्हणत न्यायचे. आता कोणी मुक्कामाला जात नाही, घरोघरी एसी आहे. त्या मुक्कामाची फक्त आठवण म्हणून वर्षातून एकदा उंट सजवतात. मी स्टेजच्या मागे पंख्यांच्या वायरी तपासत उभा होतो आणि बायकांचं गाणं ऐकत होतो. आमच्याकडे हळदीला बायका म्हणतात तसंच, एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. शब्द कळले नाहीत. पण मला एकदम घरची आठवण आली आणि मग उगाचच माझ्या माणसांवर ओरडलो.

तर हे असं. सण म्हटला की माणसाला हुरूप येतो, मला कंबर आठवते. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला सरकारची मनाई आहे, ती चांगलीच आहे, पण मग सगळं काम पहाटे आणि दुपार उतरताना, असरच्या नमाजानंतर उरकावं लागतं. तंबू उभा राहतो तोवर तिकडे पाहुण्यांच्या गाड्या लागायला लागतात. सण संपला की इतर लोक घरी जातात आणि आम्ही दोऱ्या सोडायला घेतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. भाकरीचा वास तेवढा आपला.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचा निकाह ठरला. ती आमची एकुलती एक, घरात सगळे तिला बाय म्हणतात. दापोलीच्या कॉलेजात शिकली, गावच्या शाळेत शिकवते. मुलगा शेजारच्याच गावातला, कुवेतला नोकरीला. त्याला रजा मिळणार होती ती ऑगस्टमध्ये. कोकणात ऑगस्टमध्ये लग्न म्हणजे मांडवात पाहुणे कमी आणि पाणी जास्त. पण गल्फमधला मुलगा असला की मुहूर्त त्याची कंपनी काढते. मी तरी कोणत्या तोंडाने तक्रार करणार? माझाही निकाह माझ्या कंपनीच्याच मुहूर्तावर झाला होता.

माझी रजा मात्र ऑगस्टमध्ये मिळण्यासारखी नव्हती. बुरैदाचा खजूर त्याच वेळी असतो. रियाधच्या ऑफिसात आमची रजा मंजूर करतात ते साहेब पुण्याचे आहेत. वयाने माझ्याहून खूप लहान, मला चाचा म्हणतात, बोलतात अगदी गोड. फोनवर त्यांनी मला समजावून सांगितलं की सगळ्यांच्याच रजा बंद आहेत, त्यांची स्वतःचीसुद्धा. मोठ्या तंबूंची बांधणी तुमच्याइतकी कोणाला कळते, तुम्ही म्हणजे कंपनीचा खांब आहात, असंही म्हणाले. कौतुक हे रजा नाकारायचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. मी पुन्हा विचारलं नाही. इतक्या वर्षांत मी एक शिकलो होतो की दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर बदलत नाही, फक्त आपलं तोंड उतरतं.

मुलीला कळवलं नाही. म्हणजे नाही असं सांगितलं नाही आणि हो असंही नाही. दर फोनला मी मांडवाबद्दल बोलायचो. ताडपत्री कुठली आणायची, उतार कोणत्या बाजूला द्यायचा, पाणी साचू नये म्हणून मधला बांबू किती उंच ठेवायचा. एके दिवशी तिनेच मला थांबवलं.

"अब्बा, मांडवाचा ऱ्हावदे," ती म्हणाली. "तुमी येताव का नाय, ता सांगा."

मी म्हटलं, बघतो. बघतो हा शब्द आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तिने पुढे विचारलं नाही. मग बायकोने फोन घेतला आणि म्हणाली की निकाहात मुलीची संमती घ्यायला वकील लागतो, तुम्ही नसाल तर तिच्या मामांना वकील करू, त्यांना आधी सांगायला हवं. तिचा आवाज अगदी सरळ होता, बाजारातून काय आणायचं ते विचारावं तसा. मला फार वाईट वाटलं. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर वाटलं असतं की अजून माझी वाट बघतात.

त्यानंतर आम्ही बुरैदाला गेलो. तिथला खजुराचा बाजार पहाटे, फजरच्या नमाजानंतर भरतो. शेतकऱ्यांच्या पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात, मागे खोक्यांवर खोकी, वरचं खोकं उघडं. दलाल गाडीवर चढून भाव पुकारतो आणि लोक चालता चालता एकेक खजूर तोंडात टाकतात, त्याला कोणी नाही म्हणत नाही. तिथला सुक्करी खजूर मधासारखा असतो. तेव्हा मी मात्र खात नव्हतो. रमजानमध्ये मुतखड्याने मला हॉस्पिटलात पाडलं होतं आणि काही रोजे राहून गेले होते, ते मी एकेक करून भरून काढत होतो. बरोबरचे सगळे म्हणाले की वेड लागलंय का, थंडीत दिवस लहान असतात, तेव्हा ठेव. पण माझ्या डोक्यात बसलं होतं की लेकीच्या निकाहाआधी अल्लाचं देणं अंगावर नको. तिथे जाता येणार नव्हतं तर निदान एवढं तरी माझ्याकडून व्हावं.

बुरैदाला गेलं की बाजाराचं काम सोडून माझं आणखी एक काम असतं. मोठ्या शेखांच्या बागेत एक तंबू. हे मोठे शेख म्हणजे ज्यांनी मला या देशात आणलं ते, माझे पहिले कफील. तेव्हा त्यांच्याकडे एक ट्रक आणि लग्नाला भाड्याने द्यायचे मोजके तंबू होते. मला विमानतळावरून घ्यायला ते स्वतः ट्रक घेऊन आले होते आणि मी पुढे त्यांच्या शेजारी बसायला घाबरून मागे चढलो होतो. आता त्यांच्या मुलांची रियाधला मोठी कंपनी आहे, हीच आमची, काचेच्या इमारतीत. म्हातारे मात्र बुरैदाबाहेर खजुराच्या बागेतच राहतात. खजूर उतरवायच्या दिवसांत त्यांच्याकडे रोज आजूबाजूचे शेतकरी जमतात आणि त्यांना बसायला जुन्या पद्धतीचा, बकरीच्या केसांचा काळा तंबू लागतो. तो मीच उभारायचा, असा त्यांचा हट्ट. दुसऱ्या कोणी उभारला तर म्हणे आत वारा येत नाही. वारा तेवढाच येतो, पण म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार?

त्या दिवशी मी असरनंतर तंबू बांधून काढला. उन्हाने डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. रोजा, त्यात ते ऊन, त्यात रात्रीची झोप नाही. हात धुऊन निघणार तर मोठ्या शेखांनी हाक मारली, बस. नवा तंबू लावला की मला आत बसवायचं ही त्यांची रीत आहे. मी दाराशी, सतरंजीच्या कडेला टेकलो. आत त्यांच्या वयाचे चारपाच शेतकरी होते. रोजा आहे हे मी सांगणार होतो, छातीवर हात ठेवला की पुरतं, सगळ्यांना कळतं. पण मला बसल्या बसल्या डुलकी लागली असावी. कारण डोळे उघडले तेव्हा कहवा देणाऱ्या सुदानी माणसाने फिंजान माझ्या हातात दिलेला होता. फिंजान म्हणजे बिनकानाचा छोटा कप, त्यात तळाशी घोटभर कहवा, म्हणजे वेलची घातलेली पिवळी अरबी कॉफी. आता तो परत कसा द्यायचा? भरलेला कप देणाऱ्याच्या हातात परत ठेवणं वाईट दिसतं. मी तो हळूच माझ्यापुढे सतरंजीवर ठेवला.

आणि तंबूतलं बोलणं थांबलं.

मला कळायला एक क्षण लागला. इथे जुन्या माणसांत एक रिवाज आहे. पाहुण्याने पहिला कप न पिता खाली ठेवला तर त्याचा अर्थ, मला तुमच्याकडे काही मागायचंय. यजमान विचारतो, काय हवं ते सांग. हो म्हटलं की पाहुणा कहवा पितो. नाही म्हणणं यजमानाला शोभत नाही. आणि पाहुणा न पिता उठून गेला तर त्या घराची शोभा गावभर होते. याच बागेत पूर्वी एकाने कप खाली ठेवून सुकत चाललेल्या झाडांसाठी विहिरीचं पाणी मागितलेलं मी पाहिलं होतं, आणि त्याला पूर्ण हंगामभर पाणी मिळालं होतं. मला हे सगळं ठाऊक होतं. पण हा रिवाज त्यांच्या त्यांच्यातला. तंबू बांधणाऱ्याचा कप वर आहे की खाली, हे कोण बघतं?

मोठे शेख बघत होते. त्यांनी आपलाही फिंजान खाली ठेवला आणि विचारलं, "तुला काय हवं ते सांग."

मी घाईघाईने, माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं की काही नको, मला रोजा आहे, म्हणून कप खाली ठेवला, चूक झाली, माफ करा. एक शेतकरी हसला. मलाही बरं वाटलं, म्हटलं सुटलो. पण म्हातारे हसले नाहीत. ते माझ्याकडे नीट बघत राहिले. मी त्यांच्याकडे कामाला लागल्यापासून कोणी माझ्याकडे इतका वेळ बघितलं नसेल.

"रोजा तुझा आणि अल्लाचा," ते म्हणाले. "कप माझ्या घरात ठेवलायस. सांग."

खरं सांगतो, त्या क्षणी मला राग आला. एवढी वर्षं मी कोणापुढे हात पसरला नव्हता. पुण्याच्या साहेबांपुढेसुद्धा एकदाच विचारून गप्प बसलो होतो. आणि आता एका डुलकीपायी इतक्या लोकांत मला भिकाऱ्यासारखं बसवलं, असं वाटलं. उठून जावं असंही मनात आलं. मग मुलीचा आवाज आठवला. मी मान खाली घालून सांगितलं की माझ्या मुलीचा निकाह आहे, येत्या जुम्म्याच्या पुढच्या जुम्म्याला. रजा बंद आहे. मला जायचंय.

"किती दिवस?"

मी विमानाचा वेळ मनात धरला, हळद धरली, निकाह धरला, वलीम्याचं जेवण धरलं. बाजारात माझ्यामागे तंबू कोण बघेल तेही धरलं. म्हटलं, चार.

"अब्शर," मोठे शेख म्हणाले. म्हणजे, झालं समज. मग त्यांनी माझ्या कपाकडे बोट केलं. आता मी प्यायचं होतं, तेव्हा ते पक्कं होणार. पण हा कजा रोजा, रमजानचा सुटलेला, तो असा मध्येच सोडता येत नाही. ते सगळ्यांनाच माहीत होतं. मगरिबला, म्हणजे सूर्य मावळायला, अजून बराच वेळ होता. मला वाटलं, म्हणतील राहू दे, झालं तेवढं पुरे.

त्यांनी सुदानी माणसाला किटली कोळशावरून उतरवायला सांगितलं. शेजारच्या शेतकऱ्याने आपला भरलेला फिंजान खाली ठेवला. त्याचं बघून दुसऱ्याने. खजुराच्या ताटावर कापड टाकलं गेलं. पाहुण्याचा कप भरलेला असताना आपण पिणं बरं नव्हे, असं काहीतरी एकजण पुटपुटला. आणि मग ते सगळे म्हातारे, त्या उकाड्यात, कोरड्या घशाने माझ्याबरोबर मगरिबची वाट बघत बसले.

मी इतका अवघडलो की सांगता येत नाही. कोणी माझ्यासाठी थांबलंय याची मला सवय नव्हती. एरवी सगळे जेवून उठले की आमची पंगत. मोठ्या शेखांनीच विचारायला सुरुवात केली. मुलगी काय करते, नवरा मुलगा कसा आहे, मांडव कुठे घालणार. पावसात मांडव म्हटल्यावर शेतकऱ्यांना फार मजा वाटली. त्यांना खरं वाटेना की आमच्याकडे पाऊस नको म्हणून लोक दुआ मागतात. मी ताडपत्रीचा उतार हाताने करून दाखवला. मग मोठे शेख म्हणाले, तुला एवढी मोठी मुलगी आहे हे मला माहीतच नव्हतं. मला त्यांच्या सगळ्या मुलांची लग्नं माहीत होती, तंबू मीच उभारले होते.

मशिदीतून अजान झाली. ताटावरचं कापड उचललं गेलं, मोठ्या शेखांनी स्वतःच्या हाताने मला खजूर दिला. रोजा सोडला, पाणी प्यालो आणि मग तो कप उचलला. गार कहवा कडू लागतो. मी एका घोटात संपवला. कोणीतरी अल्लाचे आभार मानले आणि सगळ्यांचे हात एकदम खजुरांकडे गेले. मोठ्या शेखांनी आधी फोन मागवला, मुलाला लावला आणि दोन वाक्यांत संपवला. मग सगळे नमाजाला उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या साहेबांचा फोन आला. चाचा, तुम्ही तर थेट वरून हलवलंत की, असं म्हणाले, पण मनापासून खूश होते. जाण्यायेण्याचा व्हिसा माझ्या मोबाइलवर आलासुद्धा. मी बाजारातच होतो. दलालांच्या ओरड्यापासून लांब, रिकाम्या खोक्यांच्या मागे जाऊन मुलीला फोन लावला.

तिला वाटलं मी ताडपत्रीचं बोलणार. मी म्हटलं, येतोय. तिने आधी आईला हाक मारली, मग परत फोनवर आली आणि कसं काय, कसं काय म्हणत राहिली. मी तिला सगळं सांगितलं. डुलकी, कप, म्हाताऱ्यांचं गप्प होणं, विहिरीचं पाणी मिळालेला तो मागचा माणूस, सगळ्यांनी मगरिबपर्यंत थांबणं. ती लहानपणी गोष्ट ऐकायची तशी ऐकत होती. त्यांनी कुणीच कहवा प्याला नाही हे तिने मला दोनदा सांगायला लावलं. मध्येच हसली. मांडव, मामा, वकील, सगळं आता परत ठरवायला लागणार म्हणाली, आणि त्याचा तिला आनंदच झालेला दिसला. मलाही इतकं बोलून हलकं वाटत होतं. किती दिवसांनी मी तिच्याशी मांडवाखेरीज काही बोललो होतो.

"किती दिस हाव मग?" तिने विचारलं.

"चार."



"अब्बा," ती म्हणाली, "तो काय पण देत होता. आन तुमी चारच दिस मागितलेत?"

तिचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचलं असतं. कंपनीचं नाव घेतलं असतं, खजुराचं घेतलं असतं. बाजारात एका गाडीचा सौदा तुटला होता आणि लोक पुढच्या गाडीकडे सरकत होते. तिला खोटं सांगायचं माझ्या जिवावर आलं.

मी म्हटलं, "मला तेवढंच सुचलं, बाय."